एक जूनचा मनोरा

नांदेड आणि लातूर यांची तुलना करायला संगणक लागत नाही. दोन्हीकडचे पाहुणे एका पंगतीला बसवले की वरण वाढेपर्यंत काम होतं. महसूल आयुक्तालय कुठे व्हावं हा विषय २००९ पासून थंड झालेला नाही. मुंबईची लातूर एक्स्प्रेस २०१७ मध्ये बिदरपर्यंत पुढे नेली तेव्हा लातुरात आंदोलनं झाली. नांदेडकरांनी ती बातमी चहाबरोबर शांतपणे वाचली. मुख्यमंत्री कुणी जास्त दिले हा तिसरा विषय. त्यात इकडे शंकरराव आणि अशोकराव, तिकडे शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव अशी दोन-दोन बरोबरी असल्याने तो जेवण झाल्यावर, सुपारी कातरताना घेतात.

तरीही याच तुलनेवर आमचे लातूरचे साडू पीएच.डी. करतात. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, पुढे त्याचं उपकेंद्र लातूरला निघालं, आणि संशोधनासाठी औरंगाबादच गाठलं पाहिजे ही सक्ती संपली. साडूंची नोंदणी नेमकी कुठल्या विद्यापीठात आहे हे मी सांगणार नाही. मार्गदर्शक हयात आहेत आणि व्हायवा व्हायचा आहे. विषय मात्र सांगतो : ‘नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कुटुंबप्रमुखांचे वय आणि सोयाबीन लागवडीचा निर्णय : एक तुलनात्मक अभ्यास’. नांदेडच्या दोनशे आणि लातूरच्या दोनशे, अशा चारशे प्रश्नावल्या.

चारशेच का, हे विचारायचं नसतं. तारो यामाने यांचं एक सूत्र आहे. पाच टक्के चूक चालवून घ्यायची म्हटलं की लोकसंख्या कितीही मोठी असो, नमुना चारशेच्या वर जात नाही. ज्यांना दुसरं सूत्र आवडतं त्यांचा आकडा ३८४ येतो. त्यावरून आमच्याकडच्या संशोधकांचे दोन पंथ पडले आहेत, चारशेवाले आणि तीनशे चौऱ्याऐंशीवाले. दुसऱ्या पंथाचे लोक सोळा प्रश्नावल्यांची झेरॉक्स वाचवतात, एवढाच काय तो तात्त्विक फरक.

तर मार्गदर्शकांनी चौथ्या प्रकरणाच्या समासात लाल शाईने लिहिलं : ‘वयाचा आयतालेख जोडा. सॉफ्टवेअरमधून काढा.’ दुसरं वाक्य अधोरेखित. साडूंचा फोन आला.

“साहेब, तुम्हाला एक्सेल येतंय ना?”

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. सासुरवाडीच्या हिशोबात बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला एक्सेल, आयकर आणि सातबारा या तिन्ही गोष्टी येतात. साडू चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेडला आले. मांडीवर लॅपटॉप होता आणि पिशवीत प्रश्नावल्यांचे दोन गठ्ठे, लातूरचा पांढऱ्या दोऱ्याने आणि नांदेडचा सुतळीने बांधलेला. दोरीच्या निवडीवरून मी काही बोललो नाही.

आयतालेख म्हणजे हिस्टोग्राम. दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीच्या प्रकरणात तो प्रत्येकाने काढलेला असतो आणि निकालाच्या दिवशी विसरलेला असतो. आलेख कागद घ्यायचा, आडव्या अक्षावर वर्ग आणि उभ्या अक्षावर वारंवारता मांडायची, वर उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं. वर्ग शून्यापासून सुरू होत नसतील तर आरंभबिंदूजवळ अक्षसंकोचाची ती नागमोडी खूण करायची. ती विसरली की अर्धा गुण गेला. स्तंभ एकमेकांना चिकटून. मधे फट सोडली तर तो आयतालेख राहत नाही, स्तंभालेख होतो, कारण वय हे पंचवीसला संपून तिसाला पुन्हा सुरू होत नाही. एवढं सगळं आम्ही टोक केलेल्या पेन्सिलीने केलं होतं. कार्ल पिअर्सन या लंडनच्या प्राध्यापकाने हा आलेख आणि त्याचं नाव रूढ केलं. १८९५ च्या त्याच्या लेखात ते छापलेलं सापडतं. पिअर्सन थोर माणूस होता, पण त्याला ‘निरंक’ हा शब्द माहीत नव्हता.

साडूंनी पुतण्याकडून ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. ते न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी बनवलं. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर तेच, म्हणून हेही नाव. ते फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर साडूंचा त्यावर विश्वास बसेना. “ह्याच्यापेक्षा ते एसपीएसएस बरं म्हणायलेत सगळे,” ते म्हणाले. एसपीएसएस १९६८ पासून आहे, २००९ मध्ये ते आयबीएमने घेतलं, आणि परवान्याची किंमत ऐकल्यावर आरवर आपोआप विश्वास बसतो.

आज्ञा अगदी छोटी. हिस्ट, कंस, वय, कंस पूर्ण. मी ती टंकली आणि एंटर मारला. आर म्हणालं : ‘एक्स’ मस्ट बी न्यूमरिक.

वयाचा रकाना उघडून पाहिला. आकडे होतेच, पण आकड्यांच्या मधे मधे ‘अंदाजे ६०’ होतं, ‘साठ-पासष्ट’ होतं, ‘मुलाला विचारणे’ होतं आणि दोन-चार ठिकाणी चक्क ‘निरंक’ होतं. तलाठी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत रकाना रिकामा सोडू नये अशी आपल्याकडे शिस्त आहे, तिचा हा परिणाम. पण वय निरंक असलेला कुटुंबप्रमुख मी प्रथमच पाहत होतो.

“दादा, वय निरंक कसं असेल?”

“माहिती मिळाली नाही म्हणून लिहिलं ओ. आमच्या प्राचार्यांना कोरा रकाना चालत नाही.”

शिवाय नांदेडच्या गठ्ठ्यातली निम्मी वयं देवनागरी आकड्यांत भरली होती. त्याबद्दल मराठी माणूस म्हणून मला अभिमान वाटला; आरला वाटला नाही. देवनागरी साठ त्याच्या लेखी आकडाच नव्हे. हिस्टोग्राम काढायला एक सेकंद लागतो असं जे म्हणतात ते खरं आहे, फक्त त्या सेकंदाच्या आधी एक अख्खा रविवार रकाने साफ करण्यात जातो. ‘अंदाजे’ खोडा, ‘साठ-पासष्ट’चं काय करायचं ते ठरवा, ‘मुलाला विचारणे’ असेल तिथे मुलाला फोन लावा. एका मुलाने वडिलांचं वय सांगण्याऐवजी सोयाबीनचा लातूरचा भाव विचारला. तो विचारणारच. भाव लातूरच्या बाजारात ठरतो, वय कुठे ठरतं हे कुणालाच माहीत नसतं.

संध्याकाळी आलेख आला. देखणा होता. वयं २२ पासून ७८ पर्यंत, पाच-पाच वर्षांचे बारा वर्ग, राखाडी स्तंभ खांद्याला खांदा लावून उभे. साडूंनी लगेच मोजायला घेतले.

“बारा कामून? सूत्रानं तर दहा यायलेत.”

त्यांचं बरोबर होतं. स्टर्जेस नावाच्या माणसाने १९२६ मध्ये वर्ग किती पाडावेत याचं सूत्र दिलं. चारशे आकड्यांना ते दहा वर्ग सांगतं, आणि आरही मुळात तेच सूत्र वापरतं. पण आरला आकड्यांच्या सीमा गोल लागतात. विसापासून ऐंशीपर्यंत पाच-पाचचे टप्पे त्याला सुबक वाटले, म्हणून त्याने बारा केले. साडूंना मात्र दहाच हवे होते. त्यांनी कारण सांगितलं नाही, पण लातूर जिल्ह्यात तालुके दहा आहेत हे मला माहीत होतं. मी म्हटलं, असं असेल तर नांदेडचे तालुके सोळा आहेत, सोळा वर्ग पाडू. ते म्हणाले, सोळाचं कौतुक आम्हाला सांगू नका, आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. इथपर्यंत सांख्यिकी ठीक चालली होती.

आज्ञेत दहा लिहिले, आरने बारा काढले. मी सोळा लिहिले, आरने पुन्हा बाराच काढले. मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं आहे की वर्गांची संख्या तुम्ही दिली तर ती फक्त सूचना समजली जाईल. ग्रामसभेत इतकी वर्षं बसून जे मला नीट मांडता आलं नव्हतं, ते ऑकलंडच्या दोन माणसांनी एका ओळीत मांडलं होतं. आणि स्टर्जेसला प्रमाण मानून सोळा वर्ग मिळवायचेच म्हटले तर १६,३८४ हून अधिक प्रश्नावल्या भराव्या लागतील, हा हिशोब मी साडूंना करून दाखवला. त्यानंतर त्यांनी दहाचा आग्रह सोडला.

खरी गंमत पुढे आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख.

साडूंच्या प्रबंधाचा निष्कर्ष आधी लिहून झाला होता. यात नवल वाटायचं कारण नाही. पुष्कळ प्रबंधांत निष्कर्ष पहिल्या वर्षी लिहितात आणि माहिती शेवटच्या. निष्कर्ष असा होता : ‘लातूर जिल्ह्यात साठीच्या आतील कुटुंबप्रमुखांचे प्रमाण अधिक असून ते सोयाबीनकडे वळलेले दिसतात.’ आलेखही तेच सांगत होता. लातूरचा ५५ ते ६० चा स्तंभ नांदेडच्या स्तंभापेक्षा डोकंभर उंच. साडू खूश झाले. मला मात्र त्या सीमेवरच्या लोकांची काळजी वाटली. बरोबर साठ वर्षांचा माणूस कुठे बसला, ५५–६० मध्ये की ६०–६५ मध्ये?

दहावीच्या पुस्तकाचा नियम आहे की वर्गाच्या वरच्या सीमेवरचा आकडा त्या वर्गात धरायचा नाही, पुढच्यात धरायचा. पस्तीस गुण म्हणजे ३०–३५ नव्हे, ३५–४०. आर सांगितल्याशिवाय नेमकं उलटं करतं. ते पस्तीसला ३०–३५ मध्ये घालतं. म्हणजे आपल्या बोर्डाने ज्याला पास केलं, त्या पोराला आर नापासांच्या शेजारी बसवतं. एक्सेलही याच पंथाचं. पायथॉनवाले दहावीच्या पुस्तकाप्रमाणे वागतात. कुणाचंच चूक नाही, पण कुणीच विचारल्याशिवाय बोलत नाही.

आरला बोलतं करायचं तर आज्ञेत एक शब्द वाढवावा लागतो : राइट इज इक्वल टू फॉल्स. मी तो वाढवला. लातूरचा तो डोकंभर उंच स्तंभ एका क्षणात बसला आणि शेजारचा ६०–६५ चा उभा राहिला. चारशे प्रश्नावल्यांतला एकही आकडा बदलला नव्हता. साठीच्या आतले लातूरकर साठीच्या पार गेले आणि निष्कर्ष डोक्यावर उभा राहिला.

“हे काय केलात?” साडू म्हणाले. “पहिलं बरं होतं की.”

लातुरात बरोबर साठ वर्षांचे एवढे लोक आले कुठून, याचाही शोध लागला. लातूरच्या प्रश्नावल्या साडूंनी स्वतः भरल्या होत्या, आणि समोरचा ‘साठच्या आसपास धरा’ म्हणाला की ते प्रामाणिकपणे साठ लिहीत. नांदेडच्या त्यांच्या एका विद्यार्थ्याने भरल्या. त्याने ‘आसपास’ या शब्दाचा मान राखून ५८, ६१, ६२ अशी वयं स्वतःच्या मनाने वाटून टाकली होती. दोन जिल्ह्यांतला फरक म्हणून जो दिसत होता तो दोन माणसांतला फरक होता. मार्गदर्शकांना विद्यार्थ्याचंच काम अधिक नैसर्गिक वाटेल, अशी मला खात्री आहे.

सीमेवरचा माणूस कुठे घालायचा हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. सॉफ्टवेअर येण्याच्या फार आधीपासून आपण त्याच्यातच राहतो. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. ६४ झाला तर तो नुसता पाऊस. जमीन दोन्ही पावसांत सारखीच खरवडून जाते, पण पंचनामा एकाचा होतो. पर्जन्यमापक मंडळाच्या गावात आणि ढगफुटी चार कोसांवरच्या वाडीत, हेही नेहमीचंच. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर गाव टंचाईच्या यादीत, वर गेली तर सुकाळात. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, असा तीनदा तो आकडा जाहीर होतो, आणि तिन्ही वेळा गावाचं लक्ष बाजारभावाकडे नसतं तर पन्नासकडे असतं. आरमध्ये निदान तो एक शब्द आहे, राइट इज इक्वल टू फॉल्स. तहसीलमध्ये तो कुठे टंकायचा हे अजून कुणाला सापडलेलं नाही.

आणि जिथे सीमेवर काही अवलंबून असतं, तिथे हिस्टोग्राम चुगली करतोच. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेत ३० टक्क्यांना पास होतात. तिथल्या पोलिश भाषेच्या पेपरातल्या गुणांचा आयतालेख जगभर प्रसिद्ध आहे : तिसाच्या अलीकडे खड्डा आणि तिसावर एकदम सुळका. तपासनीस कुठल्याही देशाचा असो, एका गुणासाठी पोराचं वर्ष घालवायला त्याचा हात धजत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या एका भारतीय मुलाने आपल्याकडच्या आयसीएसईच्या निकालांचे असेच आलेख काढले, तर ३२, ३३ आणि ३४ गुण मिळालेलं कुणी सापडेचना. आमच्या भागातल्या अंतर्गत गुणांचा आलेख काढायचा कुणी प्रयत्न करू नये. वीसपैकी अठरा आणि एकोणीस असे दोनच स्तंभ येतील, आणि सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटून लोक ते पुन्हा टाकतील.

लातूरला गेलात तर शिकवण्यांच्या रस्त्यावरचे फलक बघा. ‘लातूर पॅटर्न’ने दोन पिढ्यांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याबद्दल वाद नाही, नांदेडची मुलंही तिथे खोल्या घेऊन राहतात. आता नांदेडलाही तसेच रस्ते झाले आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो. पण ते फलक म्हणजे हिस्टोग्रामचा फक्त उजवीकडचा शेवटचा स्तंभ असतो. ७२० पैकी सातशेच्या घरातली हसरी पोरं ओळीने. डावीकडचे सगळे स्तंभ, म्हणजे ज्यांच्या फीवर तो फलक उभा आहे ते, कापून टाकलेले. अख्खा आलेख लावायचा तर रस्ता पुरणार नाही हेही खरं.

सरासरीचं तर बोलायलाच नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरून दरवाजे उघडावे लागले. वर्षाची बेरीज पाहणारा माणूस म्हणेल, २०१६ ला लातूरकरांची चंगळ होती. नांदेड जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगतात तेव्हा त्यात किनवट-माहूरचं जंगल आणि मुखेड-देगलूरचं माळरान एकत्र कालवलेलं असतं. महाराष्ट्राने अनुशेष मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिनेही राज्याच्या सरासरीच्या खाली कोण किती हेच मोजलं. तेव्हापासून सरासरीच्या खाली असणं हे आमच्या पुढाऱ्यांचं भांडवल झालं. आयतालेखाला सरासरीशी देणंघेणं नसतं. तो फक्त कुठे किती गर्दी आहे ते दाखवतो, आणि म्हणून तो भाषणात येत नाही.

असो. मला आता चेव आला होता. मी साडूंना म्हटलं, पाच वर्षांचे वर्ग सोडा, एकेका वर्षाचा वर्ग करून बघू. केला. आधीचा सुबक आलेख गेला आणि पडद्यावर मोडक्या दातांचा कंगवा आला. ४० वर उंच दात, ४५ वर उंच, ५०, ५५, ६०, ६५ वर उंच, आणि मधल्या वयांच्या जागी फटी. ४७ वर्षांचं कुणी नाही. ५३ चं कुणी नाही. दोन जिल्ह्यांत माणसं पाच-पाच वर्षांनीच म्हातारी होतात. हे काही फक्त साडूंच्या प्रश्नावल्यांत नाही. जनगणनेच्या वयवार तक्त्यांतही शून्य आणि पाच या आकड्यांवर असाच ढीग पडतो, आणि तो ढीग किती उंच आहे हे मोजायचा व्हिपल यांच्या नावाचा एक निर्देशांकच आहे. जनगणनावाले त्यावर उपाय म्हणून पाच-पाच वर्षांचे गट करतात. आरनेही तेच केलं होतं. आमच्या अंदाजपंचेला त्याने सभ्यपणे झाकलं होतं आणि मी ते पांघरूण ओढलं.

मग प्रश्नावलीतला पुढचा रकाना दिसला : जन्मतारीख. सालं सोडून फक्त दिवस आणि महिने घेतले आणि वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरले. पडद्यावर जमीनदोस्त रेघ, आणि मधेच एक मनोरा. वरचं टोक कागदाच्या बाहेर.

एक जून.

वाचकांतले अर्धेअधिक आता हसले असतील, आणि त्यांतल्या पुष्कळांचा वाढदिवस एक जूनच असेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. वडील पोराला हाताला धरून आणायचे, जन्म कधीचा म्हणाल तर ‘पोळ्याच्या आसपासचा’ किंवा ‘भुईमूग काढत होतो तेव्हाचा’ असं सांगायचे. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि जन्मतारीख एक जून. भुईमूग निघाला ते साल कोणतं यावर गुरुजींनी वेळ घालवला नाही. घालवला असता तर पहिली घंटा अजून झाली नसती. मीही एक जूनचाच. माझा भाऊही, आणि आईच्या सांगण्यावरून तरी आम्ही जुळे नाही.

त्या मनोऱ्याला पुढे शासकीय परिणाम आहेत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. म्हणून मराठवाड्यातल्या शाळा, पंचायत समित्या आणि बँका ३१ मेच्या संध्याकाळी एकदम ओस पडतात. शाल-श्रीफळाची टंचाई त्याच आठवड्यात होते. निरोपाची भाषणं करणाराच त्या दिवशी निवृत्त होत असल्याने उत्तराचं भाषणही त्यालाच करावं लागतं. पुढे आधार आलं. ज्यांना नुसतं वय सांगता आलं त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला एक जानेवारी आली. आमच्या आलेखात तोही छोटा मनोरा वर्षाच्या पहिल्याच दिवशी उभा होता. बाकीच्या दिवशी आमच्या दोन जिल्ह्यांत फारसं कुणी जन्मत नाही. या एका बाबतीत नांदेड आणि लातूर यांत काडीचाही फरक आढळला नाही, आणि चारशे प्रश्नावल्यांतला तेवढाच निष्कर्ष मला छातीठोक वाटतो.

साडूंना मात्र तो प्रबंधात घ्यायचा नव्हता. “विषयाला धरून नाही,” ते म्हणाले. आम्ही वजिराबादेतल्या एका डीटीपी सेंटरात गेलो, बाहेर ‘थिसिस टायपिंग, एसपीएसएस करून मिळेल’ अशी पाटी होती. आतल्या पोराने पेन ड्राइव्ह घेतला, मेनूतून दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि विचारलं, “काका, वरून घंटी टाकू का?”

घंटी म्हणजे नॉर्मल वक्र. एसपीएसएसमध्ये एका चौकटीत खूण केली की स्तंभांवरून घंटेच्या आकाराची रेघ येते. तुमच्या आकड्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन घेऊन ती काढलेली असते. आकडे तिच्यात बसतात की नाही हे ती बघत नाही. आमच्या कंगव्यावरूनही ती डौलात गेली.

“घंटी असली की गाईड काही विचारत नाहीत,” पोरगा म्हणाला. त्याने आजवर किती प्रबंध पार पाडले असतील कोण जाणे, पण मौखिक परीक्षेच्या समितीवर त्याला घ्यायला हरकत नाही.

मार्गदर्शकांनी आलेख पाहिला. त्यांनी सीमेबद्दल विचारलं नाही, साठीच्या गर्दीबद्दल विचारलं नाही. त्यांचा एकच आक्षेप होता : स्तंभ एकमेकांना चिकटले आहेत, मधे फटी हव्यात, आणि रंग हवेत. आता प्रबंधात एक्सेलचा त्रिमिती स्तंभालेख आहे, नांदेड निळं आणि लातूर केशरी. त्याखाली ‘आयतालेख क्र. ४.१’ असं लिहिलं आहे. निष्कर्ष पहिल्या वर्षीचाच ठेवला.

वाचकांना दोन विनंत्या. कुणी असा आलेख तुमच्यापुढे धरला, मग तो प्रबंधातला असो, पीकविम्याचा असो की निकालाचा, तर वर्ग केवढा धरला आणि सीमेवरच्या माणसाला कुठे बसवलं एवढं विचारा. ‘सॉफ्टवेअरनं केलंय’ असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा. दुसरी विनंती अशी की प्रश्नावली घेऊन एखादा घामाघूम प्राध्यापक दारात आला तर त्याला पाणी द्या आणि खरं वय सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पण कृपा करून साठ म्हणू नका.